सोबत न सोडणारे प्रेम: रूथच्या पुस्तकातून देवाची निष्ठा समजून घेताना

ख्रिस्ती लग्नांत रूथच्या पुस्तकातला एक उतारा पुष्कळदा वाचला जातो. जन्मभर सोबत राहण्याचा, मरणाखेरीज कशानेही वेगळे न होण्याचा शब्द त्यात दिलेला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, एखाद्या नवरीने नवऱ्याला दिलेले हे वचन असणार. प्रत्यक्षात ते एका तरुण विधवेने आपल्या सासूला दिले आहे. तेही भर रस्त्यात, सासू तिला माहेरी परत जाण्यासाठी विनवत असताना.

देवाचे प्रेम माणसांच्या वागण्यात कसे उतरते, असे कोणी विचारले तर मी प्रथम या पुस्तकाकडे बोट दाखवीन. चार अध्याय, 85 वचने. एका बैठकीत वाचून होते. त्यात चमत्कार नाही, स्वर्गदूत नाही, आकाशवाणी नाही. भूक, शेत, सासू-सून आणि जमिनीचा एक व्यवहार एवढेच आहे. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला एकनिष्ठ प्रेम म्हणते ते इथे इतके उघड्यावर दिसते की त्यावर वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

गोष्ट थोडक्यात

शास्त्यांच्या काळात बेथलेहेमात दुष्काळ पडला. अलीमलेख नावाचा गृहस्थ बायको नामी आणि दोन मुलगे यांना घेऊन मृत समुद्रापलीकडच्या मवाब देशात पोट भरायला गेला. तिथे तो वारला. मुलांनी मवाबी मुली केल्या, एकीचे नाव अर्पा, दुसरीचे रूथ. सुमारे दहा वर्षांत दोन्ही मुलगेही गेले, मूलबाळ न होता. घरात तीन विधवा उरल्या.

गावाकडे पुन्हा पिके आली असे कानावर आल्यावर नामी परत निघाली. वाटेत तिने सुनांना सांगितले की तुम्ही आपापल्या आईच्या घरी जा, नवी लग्ने करा, माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखे काही उरलेले नाही. अर्पा रडली, सासूचे चुंबन घेतले आणि परत फिरली. रूथ तिला बिलगून राहिली.

मवाबी असणे ही साधी गोष्ट नव्हती. मिसरातून सुटून आलेल्या इस्राएल लोकांना मवाब्यांनी वाटेत भाकरी-पाणी दिले नाही, उलट त्यांना शाप देण्यासाठी बलामाला पैसे देऊन बोलावले, ही जुनी सल होती. म्हणून अनुवादाच्या पुस्तकात मवाब्यांना देवाच्या मंडळीचे दार बंद केलेले आहे. त्याच मवाबातली एक बाई आता एका इस्राएली म्हातारीला भाकरी मिळवून घालायला निघाली होती. हा संबंध लेखक कुठे बोलून दाखवत नाही. तो फक्त तिला पुन्हा पुन्हा ‘मवाबी’ म्हणतो.

अर्पा चुकली का?

प्रवचनांत अर्पाला फार लवकर दोषी ठरवले जाते. मला ते पटत नाही. मूळ गोष्टीत तिच्याविरुद्ध एक अक्षर नाही. तिने सासूचे ऐकले, रीतीने निरोप घेतला आणि जे शहाणपणाचे होते ते केले. नामीनेही दोन्ही सुनांना आशीर्वाद देऊनच मोकळे केले होते.

अर्पाने काही वाईट केले नाही, म्हणूनच रूथने केले ते उठून दिसते. रूथवर नात्याचे बंधन उरलेले नव्हते. नवरा नाही, मूल नाही, सासूने स्वतः मोकळीक दिलेली. पुढे मिळण्यासारखेही काही नव्हते. परका गाव, परके लोक आणि सोबतीला एक कडवटलेली बाई. बेथलेहेमात पोचल्यावर नामी गावातल्या बायकांना म्हणते की मी भरलेली गेले होते आणि देवाने मला रिकामी परत आणले. रूथ शेजारीच उभी असताना ती हे म्हणते. रूथ त्यावर काही बोलत नाही. पुढे शेतात जाण्याची परवानगी तेवढी मागते.

बंधन संपले, फायदाही दिसत नाही आणि समोरून कौतुकाचा शब्द नाही, तरीही जी सोबत सुटत नाही, ती बायबलला अभिप्रेत असलेली निष्ठा.

सरवा

त्या दोघी आल्या तेव्हा सातूची कापणी नुकती सुरू झाली होती. रूथ सरवा वेचायला गेली. आपल्याकडेही ज्वारीची काढणी झाल्यावर शेतात राहिलेली, गळालेली कणसे वेचायला गरीब बायका जात असत. इस्राएलात मात्र तो शेतकऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नव्हता, नियमशास्त्राने दिलेला हक्क होता. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, हातातून पडलेले पुन्हा उचलायचे नाही, एखादी पेंढी विसरून राहिली तर ती आणायला परत जायचे नाही. हे सगळे परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी सोडायचे. रूथ या तिघांपैकी दोन होती.

ती गेली ते शेत बवाजचे निघाले. अलीमलेखाच्या भाऊबंदांपैकी तो एक संपन्न माणूस. गावाकडून येऊन त्याने मजुरांना नमस्कार केला आणि मुकादमाला विचारले, ही मुलगी कोणाची? मुकादम म्हणाला, नामीबरोबर मवाबातून आलेली ती. सकाळपासून उभी आहे, जेमतेम विसावा घेतला असेल.

यापुढचा भाग मी सावकाश वाचतो. बवाजने तिला सांगितले की दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्याकडच्या बायकांच्या मागेमागे राहा. गड्यांना त्याने ताकीद दिली की हिच्या अंगाला हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यांतले पाणी पी, असेही म्हणाला. दुपारी जेवणाच्या वेळी त्याने तिला मजुरांच्या पंगतीला बसवले, भाकर आंबेत बुडवून खायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने भाजलेले दाणे पुढे केले. तिने पोटभर खाल्ले, आणि थोडे उरले ते बांधून ठेवले. संध्याकाळी घरी गेल्यावर दिवसभराच्या धान्याबरोबर हे उरलेले दाणेही तिने सासूपुढे ठेवले. परक्याच्या पंगतीत बसून पहिल्यांदा पोट भरले, तेव्हाही घरी उपाशी असलेली म्हातारी तिच्या मनातून गेली नव्हती.

ती उठून कामाला लागल्यावर बवाजने गड्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. बांधलेल्या पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे ओढून खाली टाका, तिला वेचू द्या, रागावू नका. नियम म्हणत होता, पडलेले उचलू नका. बवाज म्हणाला, पाडा. आणि असे पाडा की तिला ते भीक वाटू नये. दिवसअखेर रूथने वेचलेले झोडपले तेव्हा जवळजवळ एक एफा सातू भरले. आजच्या मापाने ते वीस-बावीस लिटर धरतात. सरवा वेचून एका दिवसात एवढे धान्य मिळत नाही. नामीने ते पाहताच ओळखले की कोणीतरी हिच्याकडे लक्ष दिले आहे.

खळ्यावरची रात्र

हंगाम संपला. सातू उफणायचे दिवस आले. संध्याकाळच्या वाऱ्यावर उफणणी करून मालक राशीशेजारी झोपत, चोरांपासून धान्य राखायला. आता नामीने पुढाकार घेतला. तिने रूथला न्हाऊन-माखून, चांगली वस्त्रे नेसून खळ्यावर पाठवले. मध्यरात्री बवाज दचकून जागा झाला तेव्हा त्याच्या पायाशी एक बाई निजलेली होती. अंधारात त्याने विचारले, तू कोण? रूथने नाव सांगितले आणि आपल्यावर पांघरूण घाला असे म्हणाली. लग्नाची मागणी घालण्याची ती रीत होती.

पहिल्या भेटीत, शेतात, बवाजने तिला आशीर्वाद दिला होता की ज्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस तो तुला पुरे प्रतिफळ देवो. मनापासूनची प्रार्थना होती ती. खळ्यावर रूथ त्याला जणू विचारते आहे की ते पंख कोणाच्या हातांनी पसरायचे? देवाने करावे म्हणून त्याने जे मागितले होते, तेच करण्याची पाळी त्याच्यावर आली होती.

बवाजने मागे पाहिले नाही. तुझी ही निष्ठा पहिलीपेक्षाही मोठी आहे, अशा अर्थाचे तो बोलला, कारण तरुण नवरा शोधण्याऐवजी तिने सासूच्या घराण्याचे नाव टिकेल असा रस्ता धरला होता. पण एक अडचण होती. त्याच्याहून जवळचा एक आप्त होता आणि पहिला हक्क त्याचा. बवाजने ती गोष्ट लपवली नाही. तिच्या नावाला बोल लागू नये म्हणून उजाडायच्या आत तिला घरी पाठवले, ओढणीत सहा मापे सातू घालून.

वेशीतला माणूस

त्या जवळच्या आप्ताचे नाव पुस्तकात नाही. बवाज त्याला वेशीत गाठतो, गावातल्या दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि नामीच्या वाटची जमीन सोडवून घेणार का, असे विचारतो. तो लगेच हो म्हणतो. जमिनीबरोबर रूथही येईल, आणि मयताचे नाव त्या जमिनीवर चालवावे लागेल, हे कळल्यावर तो मागे सरतो. माझ्या वतनाचे नुकसान होईल, असे कारण देतो. मग जुन्या चालीप्रमाणे पायातला जोडा काढून देतो आणि व्यवहार पुरा होतो.

त्यानेही कायदा मोडलेला नाही. हिशेब केला, परवडले नाही, थांबला. आपले नाव आणि वतन सांभाळणाऱ्याचे नाव लेखकाने नोंदवायचे टाळले आणि दुसऱ्याचे नाव चालावे म्हणून खर्चात पडलेल्या बवाजचे नाव आजही लाखो लोक उच्चारतात. हे योगायोगाने घडलेले नाही, असे माझे मत आहे.

रूथला मुलगा झाला, ओबेद. ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि उरियाची बायको यांच्याबरोबर रूथचेही नाव घेतले. ज्या लोकांना मंडळीचे दार बंद होते त्यांच्यातली एक बाई राजाची पणजी झाली आणि ख्रिस्ताच्या कुळात लिहिली गेली.

देव या गोष्टीत कुठे आहे?

पुस्तक नीट पाहिले तर देवाने स्वतः काही केल्याचा उल्लेख दोनच ठिकाणी येतो. सुरुवातीला त्याने आपल्या लोकांना अन्न दिल्याचे नामी ऐकते आणि शेवटी त्याच्या कृपेने रूथला गर्भ राहतो. मधल्या सगळ्या पुस्तकात देव फक्त लोकांच्या तोंडी आहे, आशीर्वादांत आणि नामीच्या तक्रारीत. रूथ बवाजच्या शेतात कशी पोचली? लेखक म्हणतो, सहज.

तरीही हे पुस्तक देवाबद्दलचे आहे. नामीचा आरोप होता की देवाने तिला रिकामी केले. त्या आरोपाला उत्तर स्वर्गातून आले नाही. ते एका सुनेच्या ओढणीतून, सातूच्या रूपाने, थोडेथोडे घरी येत राहिले. शेवटी गावच्या बायका नामीला सांगतात की तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे. पहिल्या दिवशी नामीला जी शेजारी उभी असूनही दिसली नव्हती, तिच्याबद्दल हे बोल आहेत.

नव्या करारात योहानाच्या पहिल्या पत्रात हाच विचार सिद्धांत म्हणून येतो. देवाला कोणी कधी पाहिलेले नाही, पण आपण एकमेकांवर प्रेम करतो तेव्हा तो आपल्यामध्ये राहतो, आणि आपण प्रेम करतो कारण त्याने आधी आपल्यावर केले, अशी तिथली मांडणी आहे. ख्रिस्ती शिकवणीत माणसाची निष्ठा हा माणसाचा स्वतःचा पराक्रम नव्हे. ती मिळालेली असते, म्हणून देता येते.

आधी देवाची निष्ठा

मग देवाचे प्रेम कसे असते? जुना करार याचे उत्तर ‘करार’ या कल्पनेतून देतो. सीनाय डोंगरावर देवाने इस्राएलाशी करार केला, आणि मोशे अजून डोंगरावरच होता तेवढ्यात खाली लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली. करार तिथेच संपायला हरकत नव्हती. त्यानंतर देव मोशेपुढे आपली ओळख स्वतःच सांगतो, ती निर्गमाच्या 34 व्या अध्यायात आहे. तो दयाळू आहे, मंदक्रोध आहे, त्याची निष्ठा हजारो पिढ्यांना पुरते. आणि तो अपराधाकडे काणाडोळाही करत नाही. लोक निष्ठावान निघाले म्हणून तो टिकून राहिला, असे तिथे म्हटलेले नाही. तो तसा आहे म्हणून टिकून राहिला. स्तोत्र 136 मध्ये 26 वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया टिकणारी आहे याच अर्थाचे पालुपद येते. सृष्टीपासून रोजच्या अन्नापर्यंत सगळे त्याच कारणाखाली मांडलेले.

या निष्ठेची किंमत देवाला किती पडते, हे होशेय संदेष्ट्याच्या घरात दिसते. त्याची बायको गोमर दुसऱ्यांकडे गेली. होशेयाने पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर सातू मोजून एका स्त्रीला सोडवून आणले. ती गोमरच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बेइमान लोकांवर देवाचे मन कसे तुटते आणि तरी कसे परत वळते, याचे हे चित्र. ते देवाचे चित्र आहे. फसवल्या गेलेल्या प्रत्येक नवरा-बायकोला दिलेली ती आज्ञा नाही, याकडे मी पुढे येतोच.

दावीदाच्या पंगतीतला लंगडा

रूथच्या पणतूची एक हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. योनाथान हा शौल राजाचा मुलगा, गादीचा वारस. दावीद त्याचा जिवलग मित्र. गादी आपल्याऐवजी दावीदाला जाणार हे ओळखूनही योनाथानाने बापाच्या रागापासून त्याला वाचवले आणि एवढेच मागितले की माझ्या घराण्यावरची दया काढून घेऊ नकोस.

पुढे योनाथान लढाईत पडला, दावीद राजा झाला. त्या काळी नवा राजा जुन्या घराण्यातल्या मुलांना जिवंत ठेवत नसे. दावीदाने मात्र विचारले की शौलाच्या घरचे कोणी उरले आहे का, ज्याच्यावर मला देवाची दया करता येईल? देवाची दया, माझी नव्हे. राजाला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते.

उरला होता योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. बाप आणि आजोबा पडल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला घेऊन पळताना दाईच्या हातून तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. लो-दबार नावाच्या गावी तो कोणाच्या तरी आसऱ्याने राहत होता. बोलावणे आले तेव्हा त्याला मरणच दिसले असेल. दावीदाने त्याला आजोबांची सगळी जमीन परत दिली आणि राजपुत्रांसारखे रोज आपल्या पंगतीला जेवायला बसवले. त्या अध्यायाचे शेवटचे वाक्य पुन्हा सांगते की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पंगतीत बसून पाय बरे झाले नाहीत. तरी त्याची जागा गेली नाही.

तळ्याकाठचा विस्तव

येशूने हे सगळे आपल्या अंगावर घेतले, असे ख्रिस्ती मानतात. शेवटच्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले, त्यांत धरून देणारा यहूदाही होता. त्यानंतर, मी प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा, या अर्थाची नवी आज्ञा त्याने दिली. काही तासांतच पेत्राने कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभे राहून तीनदा सांगितले की मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू त्याला भेटतो तेव्हा पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे भाजत आहेत. न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनही वेळा मेंढरे सांभाळायचे काम देतो. विषय टाळलेला नाही, आणि माणूसही सोडलेला नाही.

फुलहॅम ते केडगाव

महाराष्ट्रात या प्रेमाचे सर्वात मोठे उदाहरण कोणते, असे विचारले तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि 1882 मध्ये ते पटकीने वारले. पदरात लहानगी मनोरमा. दुष्काळ, परागंदा होणे, वैधव्य हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

इंग्लंडात वॉन्टेज येथील भगिनींच्या मठात असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे एक घर दाखवायला नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या आणि भगिनी त्यांची प्रेमाने काळजी घेत होत्या. अशा बायकांसाठी कोणी असे काही करते हे रमाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी विचारले, तुम्हाला हे का करावेसे वाटते? उत्तरादाखल त्यांना ख्रिस्ताची आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्यांच्यासारख्या शास्त्रनिपुण विदुषीच्या मनाला युक्तिवादाआधी हे दृश्य भिडले, याची मला फार किंमत वाटते. 1883 मध्ये वॉन्टेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. पुढच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार मुली-बायका होत्या. एवढ्यांचे दळण, विणकाम, शेती, शिकवणी, आजारपणे. आंधळ्यांसाठी तिथे वेगळी सोय झाली, आणि फुलहॅमला पाहिले होते तशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’. कितीतरी वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेले प्रेम केडगावच्या माळावर पुन्हा उभे राहिले होते.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी हवी, हा आग्रह. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि खिळे जुळवण्याचे काम तिथल्या स्त्रियांनी केले. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या, विधवा झालेल्या. रूथ आणि नामी यांची गोष्ट अशा बायकांच्या हातांनी, अक्षर अक्षर जुळवून, मराठीत छापली गेली. मनोरमाबाईंनी सारे आयुष्य आईच्या कामाला वाहिले होते. 1921 मध्ये त्या आईच्या आधी गेल्या. रमाबाईंनी 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. बायबल 1924 मध्ये छापून पूर्ण झाले.

नवरा-बायकोतल्या निष्ठेसाठी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे पाहावे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटले. लक्ष्मीबाईंनी काही वर्षे अपार दुःखात वेगळी काढली. मग त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, पण आपला धर्म न सोडता. बाप्तिस्मा त्यांनी पुढे, 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने घेतला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे माहीत आहे. माणसाशी निष्ठा आधी जुळली, श्रद्धा मागून आली. रूथचेही काहीसे असेच झाले: सासूला धरून ती सासूच्या देवापर्यंत पोचली.

निष्ठेच्या नावाखाली काय मागू नये

हे सगळे लिहिताना एक भीती मनात आहेच. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला, प्रीती सर्व सोसते असे सांगून परत पाठवणारे आईबाप आपल्या मंडळ्यांत आहेत आणि पाळकही आहेत. हा शास्त्राचा गैरवापर आहे, तो कठोरपणे थांबवला पाहिजे.

नामीने सुनांवर निष्ठा लादली नाही. त्यांना मोकळे केले. बवाजने पहिल्या भेटीत पहिली काळजी केली ती तिच्या अंगाला कोणी हात लावू नये याची. दावीदाने निष्ठा दाखवली ती ज्याला पळताही येत नव्हते अशा माणसाला. बायबलमध्ये निष्ठेचा भार सबळावर आधी येतो. ज्याच्याकडे शेत आहे, गादी आहे, बळ आहे, त्याने ती आधी दाखवायची. देवानेही तसेच केले. दुबळ्याकडून निष्ठा मागायची आणि सबळाला मोकळे सोडायचे, हे देवाच्या प्रेमाचे प्रतिबिंब असूच शकत नाही. मारणाऱ्याला क्षमा करता येते, आणि त्याच्यापासून दूर सुरक्षित राहून करता येते. पोलिसांत तक्रार देऊनही करता येते.

निष्ठावानाला कोण सांभाळणार?

रूथचा आदर्श सांगताना आपण आणखी एक गोष्ट गाळतो. ती एकटी टिकली नसती. सरव्याचा कायदा होता, शेताचा मालक भला होता, मुकादमाने तिच्याबद्दल खरे तेच सांगितले, गावातल्या बायकांनी बाळाचे नाव ठेवले. एका बाईच्या निष्ठेला सबंध गावाने हात दिला.

आपल्या मंडळीत आज कितीतरी रूथ आहेत. स्मृती गेलेल्या सासूला दिवसातून चार वेळा आपले नाव सांगणारी सून. पक्षाघाताने पडलेल्या नवऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलणारी बाई. मतिमंद भावासाठी दुसऱ्या गावची नोकरी नाकारलेला माणूस. रविवारी उपासनेत त्यांचे नाव प्रार्थनेत घेतले जाते, ते घेतलेच पाहिजे. पण बवाजचीही प्रार्थना करून सुटका झाली नव्हती. महिला मंडळाने आठवड्यातून दोन दुपारी त्या घरी बसावे म्हणजे ती सून झोपेल तरी. तरुण संघाने रात्रीची एक पाळी घ्यावी. दवाखान्याचा खर्च मंडळीच्या निधीतून जावा, आणि तो असा द्यावा की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. कणसे कशी टाकायची, हे बवाजने गड्यांना समजावून सांगितले होते. तेवढा विचार आपल्या पंचांनीही बैठकीत बसून करावा.